पिकविक : चोविसाव्या वर्षी लिहिलेली पहिली कादंबरी आणि घोडागाडीचा रस्ता

घाटवळण

"किती वर्षांचा आहे हो हा घोडा?" पिकविकसाहेब विचारतात.

"बेचाळीस," गाडीवान सांगतो.

साहेब लगेच वही काढून टिपून घेतात. मग विचारतात, एकदा जुंपला की सोडता कधी? दोन-तीन आठवड्यांनी. का? तर सोडला की पडतो, फार अशक्त आहे. गाडीला आवळून बांधला की पडायला जागाच राहत नाही. शिवाय चाकं मोठी आहेत. घोडा जरा हलला की ती मागून धावत येतात, मग त्याला पळण्यावाचून गत्यंतर नाही. साहेब हेही सगळं वहीत लिहितात. घोड्यांच्या चिवटपणाचा हा दुर्मीळ पुरावा आहे, अशी त्यांची खात्री आहे. गाडीवानाला मात्र वाटतं, हा माणूस आपला नंबर टिपून घेतोय, नक्की खबऱ्या असणार. उतरल्यावर तो भर रस्त्यात पिकविकना आणि त्यांच्या तिन्ही मित्रांना बुकलून काढतो. प्रवासाला निघून अजून तासही झालेला नाही.

चार्ल्स डिकन्सच्या 'द पिकविक पेपर्स' या पहिल्या कादंबरीत पिकविकसाहेब आणि त्यांच्या क्लबातले तीन मित्र यांचा प्रवास असा सुरू होतो. परवा तिसऱ्यांदा वाचून संपवली आणि कोणाशी तरी बोलल्याशिवाय राहवेना, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. डिकन्स तेव्हा चोवीस वर्षांचा, 'मॉर्निंग क्रॉनिकल'चा बातमीदार. निवडणुकांच्या सभा टिपायला तो इंग्लंडभर हिंडायचा. रात्री भरधाव घोडागाडीत, कंदिलाच्या उजेडात, तळहातावर कागद धरून लघुलिपीतली टिपणं उतरवायचा. हे त्याने स्वतः पुढे १८६५ च्या एका भाषणात सांगितलंय. म्हणजे पिकविकमधले रस्ते, सराया, गाडीच्या टपावरची थंडी, घोडे बदलताना गडबडीत घशाखाली उतरवलेला घोट, हे सगळं त्याने अंगावर घेतलेलं होतं. पहिला अंक ३१ मार्च १८३६ ला आला, किंमत एक शिलिंग. दोन दिवसांनी डिकन्सचं लग्न झालं. पुढे नोव्हेंबर १८३७ पर्यंत महिन्याला एक अंक. पहिल्या अंकाच्या हजारेक प्रती छापल्या होत्या, शेवटी शेवटी चाळीस हजार खपू लागल्या.

आता मला खरं बोलायचंय ते जिंगलबद्दल.

दुसऱ्या प्रकरणात हा फाटका, हडकुळा नट त्यांना भेटतो. त्याचं बोलणं तुटक. वाक्य पुरं करायला त्याला वेळच नसतो. गाडी सराईच्या कमानीखालून बाहेर पडताना तो ओरडतो, डोकी सांभाळा, आणि लगेच एक गोष्ट सांगतो. माझ्या शब्दांत ती साधारण अशी : परवाच – पाच मुलं – आई – उंच बाई – सँडविच खात होती – कमान विसरली – खाडकन – मुलं वळून बघतात – आईचं डोकंच नाही – हातात सँडविच – घालायला तोंड नाही.

हसू येतं. भयंकर आहे, तरी येतं.

मग जवळजवळ चाळीस प्रकरणं उलटतात. या जिंगलने पिकविकना फसवलेलं असतं, एका प्रौढ कुमारिकेला पळवून नेऊन तिच्या भावाकडून पैसे उकळलेले असतात, पिकविकनी त्याच्यामागे गाडीचं चाक निखळेपर्यंत पाठलाग केलेला असतो. पुढे एका खोट्या दाव्यात हरल्यावर साडेसातशे पौंड भरायचं नाकारून पिकविक स्वतःच फ्लीटच्या तुरुंगात जातात. तिथे कर्जबाजारी कैद्यांच्या गरिबांकडच्या बाजूला, विझत आलेल्या आगीसमोर चिंध्या पांघरून बसलेला कोण, तर जिंगल. तो बोलतो अजून तसाच : बूट गहाण टाकून जगलो – पंधरा दिवस. रेशमी छत्री – हस्तिदंती मूठ – एक आठवडा. आणि पुढे काय होणार, तेही त्याच तुटक सुरात : बिछान्यात पडून राहायचं – उपाशी – मरायचं – पंचनामा – गरीब कैदी – गाजावाजा नको – पडदा.

बोलण्याची ढब तीच आहे. गाडीच्या टपावर जिने हसवलं, तिच्यातून आता भूक बोलते. डिकन्सने एक शब्दही गंभीर केलेला नाही. फक्त माणूस रस्त्यावरून उचलून कोठडीत आणून बसवलाय. मग पिकविक जिंगलच्या नोकराला, जॉबला, दरडावून म्हणतात, "हे घ्या!" लेखक सांगतो की अशा प्रसंगी या शब्दांपाठोपाठ खरं तर गुद्दा यायला हवा होता. पण पिकविकच्या खिशातून निघून जॉबच्या हातात खुळखुळलं ते वेगळंच काहीतरी. दरडावणाऱ्या साहेबांच्या बंडीवरून चार मोठे अश्रू ओघळत होते.

विनोदी कादंबरी हसवता हसवता रडवते, असं आपण सहज म्हणून जातो. इथे ते नेमकं कोणत्या शब्दांत घडतं ते दाखवावं, एवढ्यासाठी इतकं लांबण लावलं. तुम्ही वाचली असेल तर तुमचंही सांगा.

शमी

छान धागा. पण प्रामाणिकपणे सांगते, मी दोनदा सुरू करून दोनदा सोडली. शंभरेक पानांनंतर वाटलं, याला कथानकच नाही. गाडीत बसले, उतरले, फजिती झाली, जेवले, झोपले, पुन्हा गाडी. मध्येच कोणी भेटतो आणि एखादी भीषण गोष्ट सांगतो, मरणाऱ्या विदूषकाची नाहीतर वेड्याची. त्या गोष्टींचा पिकविकशी काही संबंध नाही. तुरुंगापर्यंत पोचायला चाळीस प्रकरणं लागत असतील, तर दोष वाचकाचा कसा?

तळटीप

शमी, सुरुवातीबद्दल तुमचं बरोबर आहे आणि त्याला कारणही आहे. मुळात ही डिकन्सची कल्पनाच नव्हती. रॉबर्ट सेमूर हा तेव्हाचा नावाजलेला व्यंगचित्रकार. शिकार आणि मासेमारी करू बघणाऱ्या शहरी हौशी मंडळींच्या फजितीची चित्रं त्याला काढायची होती आणि चित्रांसोबत मजकूर लिहायला प्रकाशकांना कोणीतरी हवं होतं. चॅपमन अँड हॉलने हे काम या बातमीदाराला दिलं. डिकन्सचं म्हणणं पडलं की मला शिकारीतलं काही कळत नाही, मी माझ्या पद्धतीने लिहितो, चित्रं मजकुरावरून निघू देत. आधीच्या बेतापैकी पिकविकच्या मित्रमंडळात विंकल नावाचा शिकारी तेवढा उरला, ज्याला बंदूक धरता येत नाही.

२० एप्रिल १८३६ ला, दुसरा अंक निघायच्या आतच, सेमूरने आत्महत्या केली. फार दुःखद प्रकरण आहे ते. त्यानंतर बस नावाच्या चित्रकाराने थोडं काम केलं आणि मग 'फिझ' या नावाने चित्रं काढणारा हॅब्लॉट ब्राउन आला, तो पुढे कितीतरी वर्षं डिकन्ससोबत राहिला. अंकाची रचनाही बदलली. आधी चार चित्रं आणि चोवीस पानं होती, ती दोन चित्रं आणि बत्तीस पानं झाली. मजकूर वाढला आणि गाडीचे लगाम लेखकाच्या हाती आले. पहिली शंभर पानं म्हणजे दुसऱ्याच्या बेताने निघालेला प्रवास आहे. तो तसाच वाचावा.

मावशीबाई

माझं एकच सांगणं : सॅम वेलर, पिकविकचा पुढे होणारा नोकर, येईपर्यंत सोडू नका. दहावं प्रकरण. चौथ्या अंकात तो आला आणि खप वाढायला लागला. लंडनच्या बरो भागातली 'व्हाइट हार्ट' सराई, सकाळची वेळ, अंगणात बसून हा पोरगा पाहुण्यांचे बूट घासतोय. आत कोण उतरलंय असं त्याला विचारतात. त्याला एकाचंही नाव माहीत नाही, तो बूट सांगतो. सहा नंबरात लाकडी पाय. तेरा नंबरात उंच हेसियन बुटांची जोडी. असं एकेक.

घाटवळण, तुमचं वाचताना एकदम जाणवलं. सॅम माणसं बुटांवरून ओळखतो, आणि जिंगल तुरुंगात गहाण टाकतो तेही बूटच.

घाटवळण

मावशीबाई, तीनदा वाचूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मुद्दाम केलं असेल की नाही कोण जाणे, पण आता तुरुंगाचं ते पान मी पूर्वीसारखं वाचू शकणार नाही.

शमी, मधल्या गोष्टींबद्दल : त्या खुशाल गाळा. मीही पहिल्या वाचनात गाळल्या होत्या. पण कथानक नाही याबद्दल थोडं सांगतो. १८४७ च्या प्रस्तावनेत डिकन्सने स्वतःच एका आक्षेपाला उत्तर दिलंय. लोक म्हणत, पिकविक सुरुवातीला मूर्ख असतात, पुढे शहाणे आणि भले होतात, स्वभाव मध्येच बदलला. तो म्हणतो, खऱ्या आयुष्यातही असंच असतं. विक्षिप्त माणूस भेटला की आधी त्याचा विक्षिप्तपणाच दिसतो आणि ओळख वाढली की मग आतला माणूस दिसायला लागतो. मला हे शंभर टक्के पटतं. लांबच्या प्रवासात शेजारी बसलेल्या माणसाचं हेच होतं की नाही? पहिले दोन तास त्याच्या घोरण्याचा राग. मुक्कामापर्यंत त्याच्या मुलीच्या लग्नाची काळजी आपल्यालाही लागलेली असते. या कादंबरीचं कथानक म्हणजे ही वाढत जाणारी ओळख.

टेम्सकाठी

लंडनहून लिहितोय. बरोतली 'व्हाइट हार्ट' आता नाही, १८८९ मध्ये पाडली. गल्लीला मात्र अजून व्हाइट हार्ट यार्ड असंच नाव आहे. तिच्या शेजारी 'जॉर्ज' ही तशीच जुनी सराई उभी आहे, तीन बाजूंपैकी एकच उरलेली. लाकडी सज्जे एकावर एक, आपल्या वाड्याच्या माडीसारखे, थोडे कललेले. मराठी पाहुणे आले की मी त्यांना हमखास तिथे नेतो. अंगणात उभं राहून वर पाहिलं की सॅमला वरून हाका कशा येत असतील ते लगेच कळतं. सज्जातून बाई ओरडणार, बावीस नंबरचे बूट झाले का, आणि तो खालून विचारणार, बावीस नंबरला आत्ता हवेत की रांगेने?

तिथून लंडन ब्रिज स्टेशन चार-पाच मिनिटांवर आहे. ते डिसेंबर १८३६ मध्ये सुरू झालं. म्हणजे पिकविकचे अंक निघत असताना त्या सरायांच्या उशाशीच रेल्वे येऊन थांबली होती. डिकन्सने गोष्ट १८२७ सालात ठेवली ती काही उगाच नाही. वाचकांच्या हातात अंक पडत होता तेव्हा त्यातला रस्ता मावळायला लागला होता. इतक्या आनंदात लिहिलेल्या पुस्तकात हा निरोपाचा सूर कुठून येतो, ते मला त्या अंगणात उभं राहिल्यावर उमगलं.

आडवाटेचा

दहाव्या प्रकरणाचं भाषांतर करून पाहतोय आणि सॅमच्या बोलीपाशी अडलोय. तो आणि त्याचा बाप 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांची अदलाबदल करतात. कोर्टात न्यायाधीश विचारतात, तुझं आडनाव कोणत्या अक्षराने लिहितोस, तर गॅलरीतून बाप ओरडतो, 'व्ही'नेच लिही! मराठीत हे कसं आणायचं? 'ण'चा 'न' केला तर वाचक त्याला अडाणी समजणार. अमुक एका जिल्ह्याची बोली दिली तर तो लंडनचा राहत नाही. प्रमाण मराठीत ठेवला तर मेला.

त्याच्या 'अमका म्हणाला तसं' छापाच्या म्हणी त्या मानाने सोप्या वाटल्या. "काढ बाहेर एकदाचं, पोरानं पैसा गिळल्यावर बाप म्हणाला तसं." हे जमलंय का?

तळटीप

म्हण छान उतरली आहे. बोलीबद्दल माझं मत : उच्चार सोडून द्या, वेग धरा. सॅमची ताकद त्याच्या हजरजबाबीपणात आहे. छोटी वाक्यं, क्रियापदं पुढे-मागे, आणि कोणत्याही साहेबासमोर न दबणारा सूर. 'ण'चा 'न' केला की मराठी वाचक वरून खाली बघायला लागतो.

लाल_डब्बा

पहिलाच प्रतिसाद देतोय इथे. तळटीप, तुमच्याशी असहमत.

माझे वडील एस.टी.त ड्रायव्हर होते. तीस वर्षं घाटातल्या गाड्या, त्यातली कितीतरी वर्षं मुक्कामाची गाडी. गावात रात्री थांबायचं, देवळात नाहीतर शाळेच्या ओट्यावर झोपायचं, पहाटे गाडी काढायची. ते 'पानी'च म्हणायचे आणि 'आलो व्हतो'च म्हणायचे. मी त्यांच्याइतका शहाणा माणूस पाहिला नाही. टपावर चढवलेल्या सामानावरून ते माणूस सांगायचे. दोरीनं बांधलेली वळकटी आणि पत्र्याची पेटी म्हणजे मास्तरांची बदली. रिकामी पाटी आणि तिच्यात घडी घातलेलं पोतं म्हणजे बाजार उरकून निघालेली बाई, आज माल खपलाय, हसून बोलेल. एकदा नवीकोरी पेटी आणि सोबत कोणीच नाही, अशी एक पोरगी बसली. वडिलांनी कंडक्टरला सांगितलं, तिला पुढच्या सीटवर घे, काही विचारू नको. तिच्या माहेरच्या फाट्यावर, थांबा नसताना, गाडी उभी केली. तिचा भाऊ दिसेपर्यंत हलवली नाही.

वर मावशीबाईंनी बुटांचं लिहिलंय ते वाचून मला हे आठवलं, म्हणून खातं उघडलं. सॅम त्या पुस्तकातला सगळ्यांत शहाणा माणूस आहे ना? मग तो माझ्या वडिलांच्या भाषेत बोलला तर काय बिघडलं? वरून खाली बघणारा वाचक दोन पानांत सुधारेल. लंडनच्या वाचकालाही सॅमची भाषा खालचीच वाटत असणार, तरी तो त्याच्या प्रेमात पडला.

तळटीप

लाल_डब्बा, तुमचं म्हणणं पटलं. माझं मत मागे घेतो.

आडवाटेचा

मीही सगळं पुन्हा लिहायला घेतोय. लाल_डब्बा, सॅमच्या बापाचा, टोनीचा, कच्चा मजकूर तुम्हाला पाठवला तर बघाल का? तोही गाडीच हाकतो. त्रेचाळिसाव्या प्रकरणात सॅम मालकाजवळ राहता यावं म्हणून बापाकडून पंचवीस पौंड उसने घेतो आणि त्याच कर्जापायी बापाकडून स्वतःला पकडवून तुरुंगात जातो. तेव्हा टोनीचे सगळे गाडीवान दोस्त त्याला मिरवणुकीने पोचवायला येतात. ते दृश्य तुमच्या नजरेखालून जायला हवं.

लाल_डब्बा

पाठवा. आनंदाने.

शमी

पुन्हा हातात घेतली, चौतिसाव्या प्रकरणापर्यंत आले. खटला! दावा लावणाऱ्या विधवा घरमालकीण बार्डेलबाईंचा वकील पुरावा म्हणून पिकविकची चिठ्ठी वाचतो : चॉप्स आणि टोमॅटो सॉस, आपला पिकविक. जेवणाचा निरोप तो, त्यातून तो लग्नाचं वचन काढतो. दुसऱ्या चिठ्ठीत 'उद्यापर्यंत येत नाही, गाडी सावकाश आहे' एवढंच, तर म्हणतो की ही सावकाश गाडी म्हणजे पिकविकच! वाचताना मी मोठ्यांदा हसले, घरातले बघायला आले.

पण एक गोष्ट खुपते आणि ती सांगायलाच हवी. टोनी वेलर उठता-बसता मुलाला बजावतो, विधवांपासून सांभाळ. पुस्तकभर विधवा आणि प्रौढ कुमारिका म्हणजे पुरुषाला जाळ्यात ओढणाऱ्या बायका. आपल्याकडे पहिली मानली जाणारी कादंबरी, बाबा पद्मनजींची 'यमुनापर्यटन', १८५७ ची, तीही प्रवासाचीच आहे. पण तिथे यमुना वाटेवर विधवांची दुःखं ऐकत जाते. वीस वर्षांच्या अंतराने दोन भाषांत दोन पहिल्या कादंबऱ्या, दोन्ही रस्त्यावरच्या. एकीत विधवेला भ्यायचं, दुसरीत तिचं ऐकायचं. पद्मनजींचं पुस्तक हसवत नाही, पण या बाबतीत मला ते मोठं वाटतं.

घाटवळण

शमी, हे मान्य करायलाच हवं. मी बचाव करणार नाही. फक्त पुढचं एक सांगतो, पण ते पोचल्यावर वाचणार असाल तर ही ओळ सोडा : बार्डेलबाईंचे वकील फीच्या पैशांसाठी पुढे त्यांनाच अटक करवतात. हॅम्पस्टेडला चहाला गेलेल्या बाई तिथून थेट त्याच फ्लीट तुरुंगात. पिकविक तीन महिने हट्टाने कोठडीत बसलेले असतात, एक पैसा देणार नाही म्हणून. ते अखेर पैसे भरायला तयार होतात ते मुख्यतः या विधवेला सोडवण्यासाठी. टोनीचं तोंड बंद होत नाही, पण पुस्तक त्याच्या पुढे गेलेलं असतं.

आणि तुरुंगाबद्दल आणखी एक. डिकन्सचे वडील १८२४ मध्ये कर्जापायी मार्शलसी तुरुंगात होते आणि बारा वर्षांचा हा मुलगा बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात बरण्यांना लेबलं चिकटवत होता. त्याने हे जगाला कधी सांगितलं नाही. मृत्यूनंतर त्याचा मित्र फॉर्स्टर याने लिहिलेल्या चरित्रातून ते बाहेर आलं. १८३७ च्या वाचकांना काहीच ठाऊक नव्हतं.

डॉ_कौलारू

जाडा जो कोणाला आठवतो का? चौथ्या प्रकरणात लष्कराच्या कवायतीत तोफा धडाडतायत, सगळे दचकतायत आणि हा बग्गीच्या पुढच्या बाकावर अंगाईगीत ऐकल्यासारखा झोपलाय. शेवटाकडे तो वकिलाचं दार बडवत उभा असतो, डोळे मिटलेले. का, तर थांबलो तर झोप लागेल. १९५६ मध्ये बरवेल आणि सहकाऱ्यांनी अतिस्थूल माणसाचा श्वास अपुरा पडून दिवसा झोप अनावर होण्याच्या आजाराचं वर्णन केलं आणि त्याला पिकविकचं नाव दिलं. माझ्या एका रुग्णाला सगळे आळशी म्हणून हिणवायचे. बस चालू झाली की दोन मिनिटांत झोपायचा. निदान झाल्यावर त्याच्या बायकोला मी जोची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, म्हणजे त्या पोरालाही कोणी डॉक्टरकडे नेलं नाही. तेव्हापासून मला त्या प्रसंगांना पहिल्यासारखं हसता येत नाही. पण एवढं अचूक पाहणाऱ्या चोवीस वर्षांच्या लेखकाबद्दलचा आदर मात्र वाढला.

मावशीबाई

धागा वर काढते आहे. एक कल्पना : मूळ वाचक वाचत होते तशीच वाचायची का? महिन्याला एकच अंक, पुढचं पान उलटायचं नाही. मधे एक महिना रिकामा सोडायचा, कारण मे १८३७ मध्ये डिकन्सची सतरा वर्षांची मेहुणी मेरी त्याच्या हातात गेली आणि त्या महिन्यात तो लिहू शकला नाही. वाचकांनी तेव्हा वाट पाहिली, आपणही पाहू.

टेम्सकाठी

मी आहे. दर अंकातल्या जागांचे फोटो टाकत जाईन, रॉचेस्टरपासून सुरुवात.

लाल_डब्बा

मीही. इंग्रजी सावकाश वाचतो, पण महिना पुरेल.

घाटवळण

ठरलं तर. मूळ इंग्रजी प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत आहे. पहिला अंक म्हणजे प्रकरण पहिलं आणि दुसरं. पहिल्यात क्लबची सभा आहे, ती जरा जड जाईल, नेटाने संपवा. दुसऱ्या प्रकरणात १३ मे १८२७ ची सकाळ उजाडते, पिकविक खिडकी उघडून गॉसवेल स्ट्रीटकडे बघतात, दाढी करतात, पेटी भरतात, दुर्बीण कोटाच्या खिशात, वही बंडीच्या खिशात, आणि नाक्यावर जाऊन गाडी बोलावतात. पुढे तो बेचाळीस वर्षांचा घोडा.

एक तारखेला इथेच भेटू.